हुसला जाळलं, ल्यूथर मात्र अंथरुणात मेला... असं का?

खडूफळा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते टाकतो.

शाळेच्या पुस्तकात धर्मसुधारणा म्हणजे १५१७, विटेनबर्ग, मार्टिन ल्यूथरने चर्चच्या दारावर ९५ मुद्दे ठोकले, युरोप दुभंगला, चला पुढचा धडा. पण त्याच्या शंभर वर्षं आधी प्रागमध्ये यान हुस नावाचा माणूस बरंचसं तेच बोलत होता की. चर्चमधला पैशाचा बाजार बंद करा, पोपपेक्षा बायबल मोठं, लोकांना त्यांच्या भाषेत सांगा. बेथलेहेम चॅपलमध्ये तो चेक भाषेत प्रवचन करायचा आणि ही गर्दी उसळायची. १४१४ मध्ये त्याला कॉन्स्टन्सच्या परिषदेला बोलावलं, जर्मनीच्या सिगिस्मुंड राजाने जाण्यायेण्याचं अभयपत्र दिलं, आणि पोचल्यावर काही आठवड्यांत कोठडीत टाकलं. ६ जुलै १४१५ ला जिवंत जाळला. डोक्यावर कागदाची उंच टोपी, तिच्यावर सैतानांची चित्रं. राखसुद्धा ऱ्हाइन नदीत ओतली, भक्तांना चिमूटभर उचलून न्यायलाही काही उरू नये म्हणून.

ल्यूथरलाही १५२१ मध्ये वर्म्सला सम्राटापुढे असंच बोलावलं, असंच अभयपत्र, तोही म्हणाला शब्द मागे घेणार नाही. आणि हा गडी पुढे पंचवीस वर्षं जगला, मठ सोडून आलेल्या जोगिणीशी लग्न केलं, सहा पोरं झाली, बायकोने घरी गाळलेली बिअर प्यायला आणि १५४६ मध्ये आयस्लेबेनला म्हणजे जन्मगावीच आजारपणाने गेला.

फरक कशाने पडला? माणसात होता का काळात? (छापखाना हे उत्तर मला माहितीये, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही.)

अर्धवट_पुणेकर

समाधान होत नसेल तर तो तुमचा प्रश्न आहे, उत्तर छापखाना हेच आहे :)

हुसच्या वेळी एक पुस्तक हवं तर माणूस बसून लिहून काढायचा. ल्यूथरचे मुद्दे लॅटिनमध्ये होते, पंडितांनी वाद घालावा म्हणून, आणि १५१७ संपायच्या आत ते लाइपझिग, न्यूरेम्बर्ग, बाझल इतक्या ठिकाणी छापून झाले होते. मग गड्याने ओळखलं बाजार कुठे आहे ते, आणि जर्मनमध्ये छोट्या छोट्या पुस्तिका काढायला लागला. चार पानं, आठ पानं, भाषा रांगडी. कॉपीराइट वगैरे भानगड नव्हती, एका गावातल्या छापखान्याने काढली की दुसऱ्या गावातला उचलून परत छापायचा. १५२० च्या आसपास जर्मनमध्ये सगळ्यात जास्त छापला जाणारा लेखक हाच. एवढं सगळं बाहेर गेल्यावर माणूस जाळून उपयोग काय? हुसला जाळलं तेव्हा त्यांना वाटलं विचारपण जळला, ल्यूथरच्या बाबतीत तसं वाटायची सोयच नव्हती.

उगाचच

पुणेकरांनी पहिल्याच प्रतिसादात निकाल लावला. धागा वाचनमात्र करा आता.

प्राग_वाला

थांबा थांबा. मी कामानिमित्त बरीच वर्षं प्रागला आहे, त्यामुळे इथलं मीठ खाल्लंय म्हणून लिहितो.

इकडे ६ जुलैला सरकारी सुट्टी असते, हुसच्या नावाची. आदल्या दिवशी ५ जुलैला सिरिल आणि मेथोडियस या संतांची. म्हणजे जोडून सुट्टी, अख्खं ऑफिस गावाला पळतं, आणि देश युरोपातल्या सगळ्यात नास्तिक देशांपैकी एक! जुन्या शहराच्या चौकात हुसचा भलाथोरला पुतळा आहे, १९१५ साली म्हणजे बरोब्बर पाचशे वर्षांनी उभा केलेला.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. 'हुस हरला, ल्यूथर जिंकला' हे गृहीतकच मला पटत नाही. हुस मेला, पण त्याची माणसं पेटून उठली. १४१९ पासून पंधरा वर्षं युद्ध चाललं, पोपने आणि सिगिस्मुंडने बोहेमियावर (म्हणजे प्रागभोवतीचं तेव्हाचं राज्य) एकामागून एक पाच धर्मयुद्धं पाठवली, पाचही मार खाऊन परत गेली. शेवटी १४३६ मध्ये चर्चला या लोकांशी चक्क करार करावा लागला, की बाबांनो तुम्हाला हवं तर प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीबरोबर द्राक्षारसही सामान्य माणसाला द्या. (तेव्हा रोमच्या रीतीत द्राक्षारसाचा पेला फक्त धर्मगुरू घ्यायचा, लोकांना नुसती भाकरी. म्हणून पेला हीच हुसवाल्यांची निशाणी झाली, झेंड्यावरसुद्धा पेला.) पुढे दोनशे वर्षं बोहेमियात बहुसंख्य लोक रोमच्या पूर्ण कह्यात नव्हते. ते सगळं मोडलं १६२० मध्ये, पांढऱ्या टेकडीच्या लढाईत कॅथलिक सम्राटाची फौज जिंकल्यानंतर. त्याच पुतळ्याजवळ जमिनीत २७ पांढरे क्रॉस आहेत, १६२१ मध्ये तिथे मारलेल्या २७ पुढाऱ्यांचे. टुरिस्ट त्यांच्यावर उभे राहून आइस्क्रीम खातात.

म्हणजे ल्यूथर जन्मायच्या आधीच चर्च एकदा फुटून झालं होतं. आपण ते मोजत नाही इतकंच.

रणगाडा

हुसवाले म्हटलं की यान झिश्का आलाच!! एक डोळा आधीच गेलेला, दुसरा लढाईत गेला, ठार आंधळा झाल्यावरही सेनापती. शेतकऱ्यांच्या बैलगाड्या.. सॉरी घोडागाड्या.. गोलाकार उभ्या करून, साखळ्यांनी बांधून, आतून बंदुका आणि धान्य झोडायचे लोखंडी खिळे मारलेले दांडके. चिलखतवाले सरदार येऊन आपटायचे. मेल्यावर माझ्या कातडीचा ढोल करा म्हणाला अशी दंतकथा आहे.

@प्राग_वाला पण शेवटी त्यांना हरवलं कोणी तेही सांगा की.

प्राग_वाला

हो तेच दुःख आहे. बाहेरच्यांनी नाही, घरच्यांनी. त्यांच्यात मवाळ आणि जहाल असे दोन तट होते. मवाळांना पेला मिळाला की पुरे होतं, जहाल ताबोरवाले म्हणत खाजगी मालमत्ता नको, साधूसंत नको, मूर्ती फोडा. १४३४ ला लिपानी इथे मवाळांनी कॅथलिकांशी हातमिळवणी केली आणि जहालांना कापून काढलं.

उगाचच

थोडक्यात सुधारणावाद्यांचा नंबर एकचा शत्रू कोण, तर शेजारच्या गल्लीतला सुधारणावादी. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय, पण राजकीय धागा नको म्हणून गप्प बसतो.

वसईची_पोर

मी कॅथलिक, वसईची. असे धागे निघाले की आमच्या बाजूचा कोणी नसतो म्हणून बोलते, रागावून नाही.

खडूफळा सर, 'चर्चने पापं विकली' असं सगळेच लिहितात, अगदी पाठ्यपुस्तकंही. शिकवण तशी नव्हती. पापाची क्षमा मिळते ती पश्चात्ताप करून, धर्मगुरूंकडे कबुली देऊन. क्षमा झाली तरी त्या पापाची शिक्षा भोगायची राहते, काही इथे, काही मेल्यावर शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाच्या अलीकडे जिथे आत्मा शुद्ध होतो तिथे. ती शिक्षा कमी करणं म्हणजे इंडल्जन्स. ते प्रार्थना, तीर्थयात्रा, दानधर्म यांनी मिळायचं. दान हा त्यातला एक मार्ग होता, मग हळूहळू तोच एकटा उरला. टेट्झेलसारखा फिरता प्रचारक गावात येऊन 'पेटीत नाणं खणकलं की शुद्धिस्थानातला आत्मा उडाला' अशा थाटात बोलायला लागला तेव्हा शिकवण गेली उडत. यात आमची बाजू झाकायची नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) हा व्यवहार आवरला आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी बांधलेली इंडल्जन्सेस रद्दच केली. इंडल्जन्स मात्र आजही आहे, पैशाशिवाय.

तेव्हा 'सुधारणा' फक्त बाहेर पडणाऱ्यांनी केली असं नाही. आत राहून भांडणारेही होते, त्यांची नावं कोणाच्या तोंडी नसतात.

खडूफळा

@वसईची_पोर, छान लिहिलंत, वर्गात यापुढे हेच वापरेन. अशा लोकांसाठीच धागा काढला.

हिशेबनीस

माझा धंदा सीएचा, त्यामुळे मी आधी पैसा कुठून आला कुठे गेला ते बघतो. आणि मला वाटतं खडूफळांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आधी ल्यूथर. टेट्झेल ज्या मोहिमेवर फिरत होता ती कोणाची? आल्ब्रेख्त नावाच्या तरुण सरदारपुत्राची. हा आधीच माग्डेबुर्गचा आर्चबिशप, त्याला माइन्झचंही पद हवं होतं कारण त्या पदाबरोबर सम्राट निवडायचं मत मिळतं. दोन मोठी पदं एकाकडे असणं नियमात बसत नाही, तर मग रोमला जबरदस्त फी भरा. पैसे नव्हते, आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून उचलले. फेडायचे कसे? तर पोप लिओ दहाव्याने परवानगी दिली की तुझ्या मुलखात इंडल्जन्स विक, अर्धे रोमला सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी, अर्धे तुझ्या कर्जात. वर टेट्झेलबरोबर फुगरचा माणूस पेटीवर नजर ठेवायला. ल्यूथरला ही आतली गोम १५१७ मध्ये ठाऊकही नसावी, त्याने मुद्दे लिहून पाठवले ते थेट या आल्ब्रेख्तलाच!

आता ल्यूथरचा राजा, सॅक्सनीचा फ्रेडरिक. त्याने टेट्झेलला आपल्या राज्यात पाऊलच टाकू दिलं नाही. धर्मबिर्म नाही, त्याची स्वतःची विटेनबर्गला संतांच्या अवशेषांची मोठी जत्रा होती, हाडं, दात, कापडाचे तुकडे, १५२० पर्यंत १९ हजारांच्या वर नग. त्यांच्या दर्शनालाही इंडल्जन्स मिळायचं. म्हणजे आपल्या राज्यातला पैसा सीमेपलीकडे युटरबोगला जाऊन टेट्झेलच्या पेटीत पडतोय हे त्याला कसं चालेल.

आणि आता हुस. १४१२ मध्ये प्रागला इंडल्जन्सची विक्री आली, पोप जॉन तेविसाव्याला नेपल्सच्या राजाशी लढायला पैसा हवा होता. हुसने विरोध केला. तोपर्यंत बोहेमियाचा राजा वेन्सेस्लास हुसच्या पाठीशी होता. पण या विक्रीत राजाचाही वाटा होता! हुस बोलला आणि राजाचा हात निघाला. विरोध करणाऱ्या तीन पोरांची तर प्रागमध्ये मुंडकी उडवली.

एका राजाला विक्रीत कमिशन होतं, दुसऱ्याचं तिच्यामुळे नुकसान होत होतं. झाला ताळेबंद.

अर्धवट_पुणेकर

वेन्सेस्लासचं कमिशन हे मला नवीन. पण फ्रेडरिकने स्वतःच्या खिशासाठीच ल्यूथरला वाचवलं असं म्हणणं फार सरळसोट होतंय. अवशेषांची ती जत्रा ल्यूथरच्याच शिकवणीने बंद पडली ना शेवटी? मग तो धंद्यात बुडालाच की. तरी पाठीशी राहिला.

हिशेबनीस

हो ते खरंय. सुरुवात पैशाने झाली असं म्हणतो मी, शेवट नाही. आपल्या विद्यापीठाचा प्राध्यापक आहे, त्याच्यामुळे देशभरातून पोरं विटेनबर्गला यायला लागली, त्याला रोमच्या हवाली का करू हाही अभिमान असणार. गंमत म्हणजे ही दोघं आयुष्यात एकमेकांशी समोरासमोर बोललेच नाहीत असं सांगतात, सगळा कारभार स्पालाटिन नावाच्या सेक्रेटरीमार्फत. फ्रेडरिक १५२५ मध्ये मेला तेव्हा मात्र मरताना त्याने भाकरी आणि पेला दोन्ही घेतलं.

लाडूबाई

एवढं सगळं वाचून माझा एकच प्रश्न, १९ हजार अवशेषांची धूळ कोण पुसायचं?

रणगाडा

मुख्य माणूस राहिलाच की, सुलेमान! तुर्कांचा ऑटोमन सुलतान.

तारखा बघा फक्त. जानेवारी १५१९ ला म्हातारा सम्राट मॅक्सिमिलियन गेला, नवीन सम्राट निवडायचा, पोपला स्पेनचा चार्ल्स नको होता, त्याला फ्रेडरिकच उभा राहावा असं वाटत होतं, मग फ्रेडरिकच्या लाडक्या साधूला कोण हात लावणार? ल्यूथरची केस तेवढ्यात थंड्या बस्त्यात. तेवढ्या वेळात तो आणखी तिखट झाला. १५२१ ला सम्राट झालेल्या चार्ल्सने वर्म्सला ल्यूथरला कायद्याबाहेर काढलं, पण मग लगेच फ्रान्सशी लढाई, १५२५ पाविया, १५२६ ला मोहाचला तुर्कांपुढे हरून पळताना हंगेरीचा राजाच मेला, १५२७ ला चार्ल्सच्याच पगार थकलेल्या सैनिकांनी रोम लुटलं, १५२९ ला तुर्क व्हिएन्नाच्या भिंतीखाली. प्रत्येक वेळी चार्ल्सला जर्मन राजांकडून पैसा आणि फौज पाहिजे, आणि त्यातले निम्मे ल्यूथरचे. म्हणाले आधी धर्माचं बघा मग फौज. चार्ल्सला मोकळा वेळ मिळून जर्मनीत तो प्रोटेस्टंटांवर चालून गेला तेव्हा साल होतं १५४६, आणि ल्यूथर फेब्रुवारीतच खपला होता. १५४७ ला म्युलबर्गची लढाई जिंकून चार्ल्स विटेनबर्गला आला, हाताशी सापडली ती ल्यूथरची कबर.

तात्पर्य_शून्य

सगळे मिळून ल्यूथरची आरती करताय म्हणून विरजण घालतो.

१. राजे लोकांनी त्याला सांभाळलं आणि त्याने त्यांना सांभाळलं. १५२४-२५ मध्ये जर्मनीतले शेतकरी उठले. त्यांचे बारा कलमी मागणे वाचा, वेठबिगारी नको, जंगलातलं लाकूड घेऊ द्या, गावाला आपला पाळक निवडू द्या, आणि आधार काय तर बायबल. म्हणजे याच्याकडूनच शिकलेले. आधी हा दोन्ही बाजूंना समज देत होता, मग दंगल वाढल्यावर राजांना लिहिलं की या लुटारूंना कुत्र्यासारखे मारा. त्यांनी मारलेच, हजारोंनी.

२. १५४३ मध्ये ज्यूंबद्दल जे लिहिलं, त्यांची प्रार्थनास्थळं जाळा वगैरे, ते पुढे नाझींनी आनंदाने वापरलं.

३. आणि जाळण्याबुडवण्यात सुधारकही मागे नव्हते. झुरिकला फेलिक्स मान्झ म्हणत होता बाप्तिस्मा मोठेपणी, समजून उमजून घ्यायचा, तान्ह्या पोराला नाही. ५ जानेवारी १५२७, झ्विंग्लीच्या सुधारक झुरिकने त्याला लिम्माट नदीत बुडवलं. पाण्याचा एवढा सोस आहे ना तर घे पाणी, असा तो न्याय. कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाच्या जिनिव्हात १५५३ ला वेगळं मत मांडणाऱ्या सर्वेटसला जाळलं.

तेव्हा 'हुसला का जाळलं' याचं सरळ उत्तर म्हणजे जो बहुमतात असायचा तो जाळायचा.

उगाचच

झुरिकचा विषय निघालाच आहे तर, तिथली धर्मसुधारणा सॉसेजपासून सुरू झाली हे इथे कोणाला माहितीये का? खोटं नाही बोलत. १५२२, ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, मटण बंद. फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी कामगारांनी रात्री सॉसेज हाणले. झ्विंग्ली तिथे हजर होता, पण स्वतः खाल्लं नाही म्हणे. मग छापखानेवाल्याला पकडलं आणि झ्विंग्लीने त्याच्या बाजूने अख्खं प्रवचन ठोकलं, की काय खावं काय नाही हे बायबल सांगत नाही.

श्रावणात चोरून अंडं खाऊन मी फक्त आईचा मार खाल्ला. माझी पण पुस्तिका निघायला हवी होती.

अर्धवट_पुणेकर

बघा, तिथेही छापखाना!

वसईची_पोर

😂 पुणेकरांना आवरा कोणीतरी.

खडूफळा

@तात्पर्य_शून्य, शेतकऱ्यांच्या बाबतीत सहमत, त्यावर वेगळा धागा निघेल. पण 'सगळे सारखेच' म्हणून प्रश्न सुटत नाही हो. ते भांडत कशावरून होते हे बघितलं तर कळतं की त्यांच्यासाठी हा खेळ नव्हता.

मारबुर्गचा प्रसंग घ्या, ऑक्टोबर १५२९. तुर्क व्हिएन्नाला वेढा घालून बसलेत, चार्ल्स कधीही उलटेल, म्हणून हेसेच्या फिलिपने ल्यूथर आणि झ्विंग्ली दोघांना आपल्या किल्ल्यात एकत्र बसवलं, की एकदाचं जुळवून घ्या. वाद काय, तर प्रभुभोजनातल्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की ती आठवणीची खूण आहे. ल्यूथरने चर्चा सुरू व्हायच्या आधीच टेबलावर खडूने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं, 'हे माझे शरीर आहे', आणि वर मखमली कापड ओढलं. झ्विंग्ली पुरावा मागायला लागला की कापड बाजूला करून बोट दाखवायचा, हा घ्या पुरावा. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधरावं अर्धं राहिलं. शेवटी झ्विंग्ली डोळ्यात पाणी आणून म्हणाला आपण भाऊ तरी म्हणवून घेऊ, ल्यूथर तेवढ्यालाही तयार झाला नाही. दोन वर्षांनी झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला.

त्या एका अर्ध्या कलमावरून लुथरन आणि रिफॉर्म्ड असे दोन संसार वेगळे झाले ते झालेच.

नगरकर_मामा

खडूफळा गुरुजी, हे भाकरीचं प्रकरण आमच्या घरात शिजलंय म्हणून लिहितो.

आम्ही नगरचे, मूळचे अमेरिकन मिशनवाले, म्हणजे काँग्रेगेशनल. आजी आली ती एसपीजीवाल्यांकडून, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं मिशन. दोघेही प्रोटेस्टंट, एकाच तालुक्यातली गावं, काही गावांत तर दोन्ही मिशनांची दोन शाळा. तरी लग्न जुळवताना कुरबूर. आमच्याकडे प्रभुभोजन बाकावर बसून, ताट हाताहातांतून पुढे सरकायचं. आजीच्या माहेरी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि पाळक तळहातावर भाकरी ठेवणार. आजी शेवटपर्यंत म्हणायची तुमच्याकडे प्रसाद वाटतात का शेंगदाणे.

मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या पंथांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केलं. त्यात इंग्लंडवाले, आमचे काँग्रेगेशनल आणि प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट असे सगळे आले. अमेरिकन मेथडिस्ट मात्र ऐन वेळी मांडवातून परत गेले. ज्या बाप्तिस्म्यावरून मान्झला बुडवला त्याचं इथे काय केलं माहितीये? दोन्ही चालतील म्हणाले. तान्ह्याला द्या नाहीतर मोठेपणी घ्या. एवढ्यावर येण्यासाठी बैठका किती वर्षं चालल्या ते विचारू नका, बोलणी १९२९ लाच सुरू झाली होती.

सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. जमिनी, ट्रस्ट, बंगले यांचे दावे अजून चालू आहेत. हिशेबनीस साहेबांना कामच काम.

हिशेबनीस

मामा, पत्ता पाठवा.

मांडवीकाठ

अवांतर आहे पण राहवत नाही. इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथच्या काळात कॅथलिक असणं गुन्ह्यासारखंच झालं होतं. तिथला एक तरुण, थॉमस स्टीफन्स, देश सोडून रोमला गेला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात शिरला आणि १५७९ मध्ये गोव्याला उतरला. पुढे चाळीस वर्षं साष्टीत राहिला आणि सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, १६१६ मध्ये राशोलला छापलं. तिकडे आठव्या हेन्रीला बायको बदलायची होती म्हणून चर्च तुटलं, त्याचा धागा इकडे आपल्या ओवीपर्यंत येतो!

आणि 'लोकांच्या भाषेत सांगणं' ही प्रोटेस्टंटांचीच मक्तेदारी नव्हती हेही यात आलं. अर्थात याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं धर्मन्यायालय, होतं आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका असा हुकूम काढला. एकाच चर्चचे दोन हात.

तात्पर्य_शून्य

स्टीफन्स ठीक आहे, पण हेन्रीचं 'बायको बदलायची होती' हे फारच सिनेमॅटिक. मठांच्या जमिनी किती घशात घातल्या ते बघा.

मांडवीकाठ

ते झालंच. पण बायकोपासूनच सुरुवात झाली हे मी सोडणार नाही.

रणगाडा

धाग्याचं काश्मीर होण्याआधी मूळ प्रश्नावर या. प्रागवाले कुठे गेले?

प्राग_वाला

आहे आहे. सगळं वाचल्यावर माझं मत आणखी पक्कं झालंय. हुसला जाळलं म्हणूनच ल्यूथर वाचला.

वर्म्सला १५२१ मध्ये जमलेल्या प्रत्येक राजाला बोहेमिया माहीत होता. एक लोकप्रिय प्रवचनकार अभयपत्र देऊन बोलावला, मारला, आणि त्याची किंमत पंधरा वर्षं युद्ध आणि पाच पराभव. ल्यूथरची साक्ष १८ एप्रिलला झाली, आणि लगेच वर्म्सच्या भिंतींवर कागद लागले, त्यावर बुंडशूची घोषणा. बुंडशू म्हणजे वादीने बांधायचा शेतकऱ्याचा बूट, बंडखोर शेतकऱ्यांची खूण ती. माइन्झच्या आल्ब्रेख्तची तर पाचावर धारण बसली, लगेच सम्राटाकडे, की या माणसाशी अजून बोलणी करा. ज्याच्या विक्रीतून हे सगळं सुरू झालं तोच! चार्ल्सला अभयपत्र मोडायचा सल्ला देणारे होते, त्याने मोडलं नाही. परत जाताना फ्रेडरिकच्या माणसांनी वाटेत ल्यूथरला 'पळवून' वार्टबुर्गच्या गडावर लपवलं, तिथे दाढी वाढवून सरदाराच्या वेशात बसून त्याने अकरा आठवड्यांत नवा करार जर्मनमध्ये आणला.

आणि हे ल्यूथरलाही कळत होतं. १५१९ ला लाइपझिगच्या वादात योहान एक (Eck) नावाच्या विरोधी पंडिताने त्याला कोपऱ्यात घेतलं, की तू बोलतोस ते हुसचंच आहे. सुरुवातीला हा चिडला, मग म्हणाला हुसची काही मतं अगदी ख्रिस्ती होती. सभेत गोंधळ. वर्षाच्या आत त्याने स्पालाटिनला लिहिलं, आपण सगळे नकळत हुसवालेच आहोत.

खडूफळा

हे जबरदस्त आहे. यात एक भर घालतो. कॉन्स्टन्सला परिषद भरली तेव्हा एकाच वेळी तीन पोप होते, रोमचा, आविन्योंचा आणि पिसाचा. परिषदेचं मुख्य काम तो घोळ निस्तरणं. म्हणजे ही मंडळी पोपला पदावरून काढायला बसली होती, मे १४१५ मध्ये जॉन तेविसाव्याला काढलंही, आणि जुलैत हुसला जाळलं. पोपला हटवणाऱ्यांवर 'तुम्हीच पाखंडी' असा आरोप सहज होऊ शकत होता, तो टाळायला कोणीतरी पाखंडी त्यांना हवाच होता आणि हुस चालत दारात आला. त्याच्याविरुद्ध मतं देणारे काही स्वतः चर्च सुधारायच्या बाजूचे होते, ही खरी मेख. १५२१ ला अशी परिषद नव्हती, पोपचा निकाल रोममध्ये आणि अंमल करणारे राजे जर्मनीत.

वसईची_पोर

डिसेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल मनापासून खेद व्यक्त केलाय, हेही नोंदवून ठेवा. निकाल औपचारिकपणे रद्द झाला का म्हणून विचारलं तर तसं नाही, खेद.

उगाचच

५८४ वर्षांत उत्तर आलं. आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीपेक्षा बरं.

अर्धवट_पुणेकर

ठीक. राजा, पैसा, तुर्क, बोहेमियाची धास्ती, सगळं मान्य. पण वर्म्सच्या भिंतींवर रात्रीतून लागलेले ते कागद, ल्यूथरच्या नावाने लोक एवढे तापले कसे? पुस्तिका वाचून (नाहीतर वाचून घेऊन). मी जागेवरून हलत नाही.

आणि तुम्हा सगळ्यांना एक प्रश्न. साव्होनारोला, चर्चवर तुटून पडणारा प्रवचनकार, फ्लॉरेन्स, १४९८. छापखाना हाताशी होता, त्याची प्रवचनं धडाधड छापली जात होती, गावावर त्याचा शब्द चालायचा, बोहेमियाचं उदाहरणही समोर होतं. तरी फाशी देऊन जाळलाच. आता बोला.

हिशेबनीस

अहो हे तुमच्याच विरुद्ध जातंय ना :) छापखाना होता आणि तरी जळला. फ्रेडरिक नव्हता त्याच्यामागे.

अर्धवट_पुणेकर

अर्रर्र. जेवून येतो.

खडूफळा

साव्होनारोलासाठी वेगळा धागा काढा कोणीतरी, फ्लॉरेन्सचं मेदिची घराणं आणि पोप अलेक्झांडर सहावा आले की इथे पानं पुरायची नाहीत. @नगरकर_मामा, तुम्ही त्या नागपूरच्या १९७० च्या कार्यक्रमाबद्दल घरात ऐकलेलं असेल तर तेवढं मात्र इथेच लिहा.

नगरकर_मामा

लिहितो, रविवारी उपासनेनंतर. वडील गेले होते मंडळींबरोबर, फोटो आहेत.